हॉस्पिटलची टाकी धुवायची आहे, पण त्याच टाकीत आगीसाठीचं पाणी आहे: काय करावं?

देखभाल_कक्ष:
नमस्कार मंडळी. एका चार मजली हॉस्पिटलच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. आमची जमिनीखालची टाकी एकच, वापराचं पाणी आणि आगीसाठी राखून ठेवलेलं पाणी दोन्ही तिच्यातच. वापराच्या पंपाची सक्शन (पाणी ओढणारा पाईप) वरच्या पातळीला आणि फायर पंपाची एकदम तळाशी, म्हणजे वरचं पाणी रोज बदलतं आणि खालचं महिनोन्महिने तसंच पडून. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर म्हणतात टाकी पूर्ण रिकामी करून घासून क्लोरिन मारा, फायर ऑफिसर म्हणतात एक मिनिटसुद्धा राखीव पाणी कमी करता येणार नाही कारण वर आयसीयू आहे. दोघंही बरोबर बोलतायत आणि मी मधे उभा. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, माझ्यासारखे अजून बरेच जण असणार.

पंपरूम:
दादा, धुण्याच्या आधी एक गोष्ट बघा, टाकीत मधली भिंत आहे का? दोन कप्पे असतील आणि दोन्हींतून फायर पंपाला स्वतंत्र सक्शन असेल तर अर्धी अर्धी धुता येते, राखीव पाणी निम्मं राहतं पण शून्य होत नाही. कप्पे नसतील तर यंत्रणा काही तास बंद राहणार हे आधीच मान्य करून तयारी करावी लागते.

तळाच्या पाण्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सक्शन वर-खाली ठेवायची ही पद्धत राखीव पाणी कुणी वापरू नये म्हणून केलेली असते, त्या दृष्टीने ठीक, पण तळाशी गाळ, क्लोरिन संपलेलं पाणी आणि त्यात वाढणारे जंतू, आणि वरच्या पाण्याला खालची ही घाण कायम चिकटलेली. त्यापेक्षा चांगली रचना म्हणजे येणारं ताजं पाणी आधी फायरच्या टाकीत सोडायचं आणि ती भरून वाहिली की ओव्हरफ्लोने वापराच्या टाकीत जाऊ द्यायचं. असं केलं की फायरची टाकी कायम भरलेली राहते आणि तिच्यातलं पाणीही रोज सरकत राहतं. इनलेट एका टोकाला आणि ओव्हरफ्लो समोरच्या टोकाला हवा, इनलेट तळाजवळ सोडलं तर अजून उत्तम, नाहीतर नवं पाणी वरच्यावर निघून जातं आणि कोपरे तसेच राहतात.

निर्जंतुक_सिस्टर:
पंपरूम यांच्या रचनेला अनुमोदन पण एक मोठी अट. फायरच्या टाकीतून पाणी वापरात येणार असेल तर ती टाकी पिण्याच्या पाण्याची टाकी म्हणूनच सांभाळायला हवी. झाकण घट्ट, व्हेंट आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, आत गंजका जिना नको, आणि धुण्याचं वेळापत्रक तेच. बऱ्याच ठिकाणी "ती फायरची आहे" म्हणून तिचं झाकण वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही.

आणि पाण्याचं वय मोजा. टाकीचं एकूण पाणी भागिले रोजचा वापर. १ लाख लिटरची टाकी आणि रोज ५० हजार लिटर वापर म्हणजे साधारण दोन दिवस, ते चालतं. पण त्याच टाकीवर रोजचा वापर १५ हजार असेल तर पाणी जवळजवळ आठवडाभर आत राहतं आणि तोपर्यंत क्लोरिन उरत नाही. अशा वेळी दोन टाक्या पूर्ण वेगळ्या केलेल्याच बऱ्या.

मी हे इतकं लावून धरते कारण हॉस्पिटलमधला माणूस आणि घरातला माणूस यात फरक आहे. लिजिओनेला हा जंतू १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली तिच्या तपासात सापडला, तो साध्या पाण्यात सगळीकडे थोडाफार असतोच, पण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आणि पाईपच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतो आणि शॉवरच्या किंवा नळाच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. निरोगी माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, केमो चालू असलेल्या किंवा ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला तो जिवावर बेततो. स्यूडोमोनास या पाण्यातल्या दुसऱ्या जंतूचं तसंच. २०११-१२ च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडच्या नवजात अतिदक्षता विभागांत बाळं दगावली आणि चौकशीत बेलफास्टमध्ये वॉर्डातल्या नळांपर्यंत माग लागला. टाकी स्वच्छ असूनही शेवटच्या दोन मीटरमध्ये, नळाच्या तोंडाच्या जाळीत, सेन्सरच्या नळाच्या आतल्या भागांत जंतू बसलेले असू शकतात. त्यामुळे फक्त टाकी धुऊन काम होत नाही.

गच्चीवरची_टाकी:
यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) बसवा ना लाईनवर. सगळे जंतू मरतात, क्लोरिनचा वास नाही, विषय संपला.

निर्जंतुक_सिस्टर:
@गच्चीवरची_टाकी, यूव्ही दिव्यासमोरून जातानाच काम करतो, पुढे पाईपमध्ये त्याचा काहीच अंश उरत नाही. पुढच्या शंभर मीटर पाईपमध्ये आधीच थर बसलेला असेल तर दिव्यातून शुद्ध होऊन आलेलं पाणी परत दूषित होणार. गढूळ पाण्यात तर दिव्याचा उजेडही आरपार जात नाही. यूव्ही जोडीला ठेवा, नळापर्यंत थोडा क्लोरिन पोचतोय का हे मात्र तपासत राहा. आणि वापरात नसलेले नळ! रिकामी खोली, बंद पडलेला बाथरूम, स्टोअर झालेल्या जुन्या ऑपरेशन थिएटरमधलं बेसिन, हे निदान आठवड्यातून एकदा मोकळे सोडायचे, अतिदक्षता विभागात रोज. जे लागतच नाहीत ते मुख्य लाईनपासून कापायचे, नुसतं तोंडाला बूच मारायचं नाही, कारण ते उरलेलं बंद पाईपचं टोक जंतूंची नर्सरी होतं.

अग्निसुरक्षा_अधिकारी:
सिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के पटतं, आता आमची बाजू लिहितो म्हणजे दोन्ही एकत्र बघता येईल.

साध्या इमारतीत आग लागली की लोक जिन्याने खाली पळतात. हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या माणसाला, ऑपरेशन टेबलवरच्या माणसाला, काचेच्या पेटीतल्या बाळाला पळता येत नाही. म्हणून आधी त्याच मजल्यावर आग रोखणाऱ्या दारापलीकडच्या सुरक्षित भागात सरकवायचं, अगदीच गरज पडली तर खाली. हे सरकवायला वेळ लागतो आणि तो वेळ मिळतो भिंती-दारांमुळे आणि स्प्रिंकलरमुळे (छतातले आपोआप उघडणारे पाण्याचे फवारे). स्प्रिंकलरची लाल काच ६८ अंशाला फुटते आणि फक्त आगीच्या वरची एक-दोन तोंडं उघडतात, अख्ख्या मजल्यावर पाऊस पडत नाही. पण त्या तोंडाला पाणी नसेल तर सगळा हिशोब कोसळतो. आणि स्प्रिंकलर असूनही चालला नाही अशा आगींमधलं सगळ्यात मोठं कारण गंज किंवा बिघाड नसतं, कुणीतरी कामासाठी व्हॉल्व्ह बंद केलेला असतो आणि तो परत उघडलेला नसतो. तुमच्या टाकीच्या कामात मला भीती वाटते ती याची. धुण्याचे चार तास मी लोक उभे करून निभावून नेईन, पण नंतरचे सहा महिने बंद राहिलेला व्हॉल्व्ह मला दिसणार नाही.

कोलकात्यात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे एएमआरआय हॉस्पिटलच्या तळघरातल्या सामानाला आग लागली, नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक धुराने, वरच्या मजल्यांवर, अंथरुणातच. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या. त्यामुळे टाकीशेजारच्या पंपरूममध्ये, तळघरात काय काय ठेवलंय हे आज संध्याकाळी जाऊन बघा.

नळदुरुस्ती:
साहेबांनी भिंतींचा विषय काढला म्हणून सांगतो, आमच्या प्लंबिंगवाल्यांनी सगळ्यात जास्त नुकसान इथेच केलंय. नवीन बेसिन हवं, आरओची लाईन हवी, की आग रोखणाऱ्या भिंतीला भोक पाडायचं, पाईप घालायचा आणि निघून जायचं. पाईपच्या भोवती बोटभर फट राहते, वरून फॉल्स सीलिंग लागतं, कुणाला दिसत नाही. धूर त्याच फटीतून शेजारच्या वॉर्डात जाणार. प्लास्टिकचा पाईप असेल तर तो वितळून अख्खं भोकच उघडं पडतं, तिथे उष्णतेने फुगून भोक बंद करणारी कॉलर बसवावी लागते, नुसतं सिमेंट लिंपून भागत नाही. आणि जुना पाईप काढला तर मागे उरलेलं भोकही बुजवायचं. म्हणजे बघा, एकच बेसिन हलवलं तर सिस्टरांचं साचलेलं टोक पण तयार होतं आणि साहेबांच्या भिंतीतलं भोक पण. दोघांचीही सही असल्याशिवाय आमच्या माणसाला ड्रिल हातात देऊ नका.

अजून एक, होज रील (भिंतीवर गुंडाळून ठेवलेल्या आगीच्या नळ्या) बऱ्याच जुन्या इमारतींमध्ये वापराच्या लाईनलाच जोडलेले असतात. तिथे बॅकफ्लो म्हणजे पाणी उलट फिरणं रोखणारा व्हॉल्व्ह नसेल तर दाब उतरला की रीलच्या नळीतलं काळं पाणी वॉर्डाच्या नळात येऊ शकतं.

पंपरूम:
होज रीलवरून आठवलं, टेस्टिंग. नळीत पडून राहिलेलं पाणी फवारा करून उडवायचं म्हणजे तुषार तयार होणारच. त्यामुळे टेस्ट मोकळ्या हवेत, एसीच्या हवा ओढणाऱ्या तोंडापासून लांब, पेशंटची ये-जा नसताना घ्यायची, सुरुवातीला नोझल न उघडता पाणी सावकाश गटारात सोडायचं. टेस्ट करू नका असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका, टेस्ट हवीच.

आणि आता एक गोष्ट लिहितो जी ऐकून लोक चक्रावतात. वापराच्या लाईनमध्ये पाणी जितकं बदलाल तितकं चांगलं, पण स्प्रिंकलरच्या पाईपमधलं पाणी उगाच बदलू नका! आत एकदा भरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाला थोडा गंजवून संपतो आणि गंज मंदावतो. दर महिन्याला रिकामं करून परत भरलं की दर वेळी नवा ऑक्सिजन, नवी हवा, आणि काही वर्षांत पाईपला टाचणीएवढी भोकं. ते पाणी काळं आणि घाण वासाचं असतं ते असू द्या, ते कुणी पिणार नाहीये, फक्त ते मागे फिरून वापराच्या लाईनमध्ये येता कामा नये. टाकीतला गाळ मात्र स्प्रिंकलरमध्ये जाता कामा नये, सक्शनची गाळणी तुंबली तर ऐन आगीत पंप कोरडा ओढत बसतो. म्हणजे टाकी धुणं हे फायरसाठी पण तितकंच गरजेचं आहे, अधिकारी साहेब सहमत होतील.

अग्निसुरक्षा_अधिकारी:
पूर्ण सहमत.

डायलिसिस_टेक:
उशिरा येतोय धाग्यावर पण हे लिहायलाच हवं. टाकीला क्लोरिन मारायच्या आधी डायलिसिस युनिटला सांगा, लेखी सांगा, आणि तारीख बदलली तर परत सांगा. पिण्याच्या पाण्यात लिटरला अर्धा मिलीग्रॅम क्लोरिन चांगला, पण डायलिसिसच्या पाण्यात एकूण क्लोरिन ०.१ मिलीग्रॅमच्या वर गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. एरवीचा क्लोरिन आमचे कार्बनचे फिल्टर पकडतात, पण टाकी धुतल्यावरचा कडक डोस नीट न धुता लाईनमध्ये आला तर फिल्टरची क्षमता संपते. प्रत्येक शिफ्टच्या आधी आम्ही क्लोरिन तपासतो, तरी आधी कळलेलं बरं.

उलट बाजूही आहे. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या करुआरू शहरात डायलिसिस सेंटरला जलाशयाचं नीट शुद्ध न केलेलं पाणी आलं, त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं, यकृत निकामी होऊन पन्नासहून जास्त पेशंट गेले. डायलिसिसच्या एका बैठकीत शंभर लिटरहून जास्त पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. टाकीच्या झाकणातून ऊन आत येत असेल आणि भिंतीवर हिरवं दिसत असेल तर आमच्या दृष्टीने ती गंभीर गोष्ट आहे.

देखभाल_कक्ष:
खूप खूप आभार सगळ्यांचे. टाकीत मधली भिंत आहे, आजच उतरून बघतो व्हॉल्व्ह कुठे आहेत ते. क्लोरिनचं प्रमाण कुणी सांगेल का? आमच्याकडे ब्लीचिंग पावडर पंपरूममध्येच ठेवलेली असते.

निर्जंतुक_सिस्टर:
दादा थांबा, एकटे टाकीत उतरू नका!! बंद टाकीत ऑक्सिजन कमी असू शकतो, गाळ ढवळला की विषारी वायू निघू शकतो, आणि एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, असे मृत्यू सगळ्या जगात होतात. आधी दोन्ही झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवा, मीटरने ऑक्सिजन बघा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही, कमरेला दोर आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस जो काहीही झालं तरी आत उतरणार नाही.

प्रमाण: आधी गाळ काढून भिंती घासायच्या, घाण असताना क्लोरिन मारला तर तो घाणीतच संपतो. मग टाकी भरून लिटरला ५० मिलीग्रॅम क्लोरिन, किमान एक तास. १० हजार लिटरला ५०० ग्रॅम क्लोरिन लागतो, ३३ टक्क्यांची ताजी पावडर असेल तर साधारण दीड किलो. बादलीत कालवून निवळलेलं पाणी ओतायचं, चोथा नाही. तासाभराने परत मोजायचं, फार उतरलं असेल तर धुणं नीट झालेलं नाही. ते पाणी सरळ सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत सोडू नका, तिथले उपयोगाचे जंतू मरतील, सोडियम थायोसल्फेटने त्यातला क्लोरिन निष्प्रभ करून मग सोडा. आणि ॲसिडने घासलेल्या भिंतीवर लगेच ब्लीचिंग नको, क्लोरिन वायू सुटतो.

अग्निसुरक्षा_अधिकारी:
आणि ब्लीचिंग पावडर पंपरूममध्ये नको! तिथे फायर पंपाचं डिझेल आहे, ग्रीस आहे, तेलकट चिंध्या आहेत. क्लोरिनची पावडर ऑक्सिडायझर असते, त्यातही ६५-७० टक्क्यांचा कॅल्शियम हायपोक्लोराइट तेलाशी मिसळला तर काडी न लावता पेट घेऊ शकतो. ओल लागली की क्लोरिन सुटून पंपाच्या कंट्रोल पॅनेलच्या तांब्यालाही गंज चढतो. आग विझवणारा पंप ज्या खोलीत आहे तिथेच आग लागायला कारण ठेवायचं नाही. कोरडी, हवेशीर, वेगळी खोली, जमिनीपासून वर, झाकणबंद डबे. तसंच सॅनिटायझरचे कॅन, ७० टक्के अल्कोहोल साध्या खोलीच्या तापमानालाच पेट घेईल इतकी वाफ सोडतं.

गच्चीवरची_टाकी:
गरम पाण्याचं काय करायचं? आमच्याकडे भाजतं म्हणून गीझर ४५ ला ठेवलेत.

निर्जंतुक_सिस्टर:
४५ म्हणजे लिजिओनेलाच्या वाढीच्या पट्ट्यातच आहात. साठवण ६० अंशाला, आणि नळाजवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून बेसिनला साधारण ४१ ला उतरवायचं. ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदात भाजते, वृद्धांची आणि बाळांची त्याहून लवकर, म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह शक्य तितका नळाच्या जवळ, लांब बसवला तर मधला कोमट पाईप परत धोक्याचा. गार पाणी २० च्या खाली हवं, जिथे हवाच गरम असते तिथे ते जमत नाही, मग टाकीवर सावली करायची, पाण्याचं वय कमी ठेवायचं आणि नळापाशी क्लोरिन मोजायचा. गरम आणि गार पाईप एकाच शाफ्टमध्ये चिकटून असतील तर इन्सुलेशन घाला.

पंपरूम:
देखभाल दादा, धुण्याच्या दिवसाबद्दल. सकाळी सुरू करा, जेव्हा स्टाफ सगळ्यात जास्त असतो. अग्निशमन दलाला आणि सगळ्या वॉर्ड इनचार्जना आधी कळवा. त्या दिवशी वेल्डिंग, ग्राइंडिंग पूर्ण बंद. एनएफपीए २५ या अमेरिकन अग्निसुरक्षा मानकात चोवीस तासांत दहा तासांहून जास्त स्प्रिंकलर बंद राहणार असेल तर फिरता पहारा किंवा तसाच दुसरा उपाय करायला सांगितलंय, माझ्या मते हॉस्पिटलमध्ये पहिल्या तासापासून पहारा हवा. भरलेला टँकर फायर ब्रिगेडच्या इनलेटजवळ उभा करता आला तर करा. पंपाची केबल मुख्य ब्रेकरच्या आधीपासून वेगळी घेतलेली आहे ना तेही बघून घ्या, आगीत पहिल्यांदा मुख्य वीज बंद करतात आणि त्याबरोबर पंप बंद पडायला नको.

देखभाल_कक्ष:
काम झालं, लिहायला उशीर झाला. पहिला कप्पा रिकामा करायला घेतला तर तो रिकामाच होईना, मधल्या भिंतीतला जोडव्हॉल्व्ह गळत होता, म्हणजे इतकी वर्षं दोन कप्पे कागदावरच होते. तो आधी बदलला, मग एक कप्पा धुतला, पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्याला हात लावला नाही. तळाशी घोटाभर गाळ होता आणि फायरच्या सक्शनची गाळणी अर्धी बुजलेली. ब्लीचिंग पावडर दुसऱ्या खोलीत गेली. आता पंपरूमच्या दारावर एकच वही आहे, पाण्याची वेगळी आणि आगीची वेगळी अशी नाही, कुठलाही व्हॉल्व्ह फिरवला की त्यात लिहायचं आणि सिस्टर आणि फायर ऑफिसर दोघांनी सही करायची. पुढच्या बजेटमध्ये ओव्हरफ्लोची रचना मागितली आहे. एक शंका उरली, सगळे व्हॉल्व्ह परत उघडलेत हे डोळ्यांनी बघितलं, तेवढं पुरेसं आहे का?

अग्निसुरक्षा_अधिकारी:
पुरेसं नाही. दांडा उघडा दिसतो आणि आतली चकती तुटून खाली पडलेली असते. मेन ड्रेन टेस्ट घ्या, म्हणजे स्प्रिंकलरच्या मुख्य लाईनचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडून दाब बघायचा: आधी स्थिर दाब लिहा, ड्रेन पूर्ण उघडून वाहतानाचा दाब लिहा, आणि काम सुरू करण्याआधीच्या नोंदीशी ताडा. वाहतानाचा दाब लक्षात येण्याइतका कमी असेल तर कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. दुसरा कप्पा रिकामा करण्याआधी आजचे आकडे त्याच वहीत लिहून ठेवा. पंप ऑटोवर आहे ना तेही पॅनेलवर बघा, टेस्टनंतर तो मॅन्युअलवरच राहून जातो.

देखभाल_कक्ष:
आत्ताच जाऊन बघितलं, जॉकी पंप (लाईनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) ऑटोवर होता, मुख्य पंप मॅन्युअलवर. ऑटोवर केला. ड्रेन टेस्ट उद्या सकाळी घेतो, आकडे इथेच टाकतो.